साक्षीदारावरची तारीख

नांत, २८ जुलै १९५८

गढीचं चित्र असलेलं कार्ड पाठवलंस. मागे चार ओळी, त्यातली एक हवेबद्दल. एकाहत्तर वर्षं ती गढी माझ्या डोक्यावर बसलीय, तिचं चित्र मला कशाला? चित्रं पॅरिसच्या लोकांना विकायची असतात. आजीला पत्र लिहायचं असतं.

चि. सोलांज हिला आजीचे आशीर्वाद, रागासकट.

तुझी आई म्हणत होती, की तू नुसतं सांग, मी लिहून देते. मी नको म्हटलं. दुसऱ्याच्या हातचं पत्र माझ्या घरात एकदाच आलंय, तेवढं पुरे. कोंबडी शाईत पाय बुडवून चालावी तसं माझं अक्षर आहे असं तू म्हणतेस, ते ठाऊक आहे मला. मी तीन हिवाळे शाळेत गेले, तेही तिथे शेगडी असायची म्हणून. लागेल तसं वाच.

पाय अजून प्लास्टरमध्ये आहे. डॉक्टरने त्यावर शिसपेन्सिलीने तारीख घातलीय, तुझे आजोबा खडकावर घालायचे तशी. या वयात चेरीच्या झाडावर चढायला कुणी सांगितलं होतं, असं तुझा बाप रोज जेवताना विचारतो. मी रोज सांगते, चेऱ्यांनी. इथे सगळं चौकोनी आहे. खोली चौकोनी, पाव चौकोनी, लोकांची तोंडंसुद्धा. घर तुझ्यावर टाकून आले त्याचा घोर लागलाय. कापुसीनला सकाळी दोहायच्या आधी हाक मार, नाहीतर शेळी लाथ मारते. सशांना ओला पाला घालू नकोस. आणि त्या बुर्देला सांग, गच्चीवरचे त्याचे पाहुणे आपल्या धुराड्यात थोटकं टाकतात. त्यांच्या पायांखाली खडक कोरून माणसं राहतात, खाली कुणाचं तरी सूप शिजतंय, हे त्याने एकदा पाटी लावून सांगावं. गढीचा कारभारी झाला म्हणजे आभाळातून पडला नाही.

एक मात्र ऐक. पुढच्या खोलीत झोप. मागे कोठीत खाट नेऊ नकोस, पुढे कितीही उकडलं तरी. तिथे ओल असते, खोकला होईल. छतातून पांढरं पीठ पडलं तर झाडून टाकायच्या आधी बघ, चिमूटभर की मूठभर, आणि त्याच दिवशी मला कळव. मी भीत नाही. विचारते नुसतं.

कार्ड नको, कागद हवा.

तुझी आजी
एर्नेस्तीन


ओब्रेल, ३१ जुलै १९५८

ती. आजीस सोलांजचा सा.न.वि.वि.

हा घे कागद, दोन्ही बाजूंनी भरलेला. आता तरी कपाळावरची आठी काढ.

कापुसीन मजेत आहे. मला लाथ मारून झाली. ससे मजेत आहेत. मीही मजेत आहे, फक्त घसा बसलाय. काल लोकांना गढी दाखवायच्या सहा फेऱ्या झाल्या. हे लोक तीन दिवसांत अकरा गढ्या बघतात, त्यामुळे आपल्यापर्यंत येईतो त्यांच्या डोक्यात सगळ्या राजांचं कालवण झालेलं असतं. एका बाईने शेनोंसोचा पूल कुठे आहे म्हणून विचारलं. मी म्हटलं, शेनोंसोला आहे. मग तिने शांबोरचा जिना विचारला. एक बेल्जियन गृहस्थ रोज येतात, फोटो काढतात आणि मला सांगतात, की तुम्ही राजाच्या पलंगाची गोष्ट काल वेगळी सांगितली होती. मी सांगते, राजा काल वेगळा झोपला होता.

मोठी बातमी पुढे आहे. पंधरा ऑगस्टला मरियामातेच्या सणाला पाच बस येणार. बुर्देसाहेब गच्चीवर टेबलं मांडून दीडशे लोकांना जेवायला घालणार, नदीकडे तोंड करून. मला नवा निळा कोट मिळालाय. गच्चीला एवढा भार सोसेल का ते बघायला सोम्यूरहून एक इंजिनियर आले होते. ते आपल्या घरीही आले, कारण गच्चीचा कठडा नेमका आपल्या कोठीवर येतो. मी त्यांना कोठीतला आजोबांचा साक्षीदार दाखवला. त्यांना शब्द फार आवडला. मी समजावलं, की खडकातल्या भेगेवर पाथरवट प्लास्टरची आडवी पट्टी बसवतात आणि तिच्यावर तारीख घालतात. डोंगर हलला तर पट्टी फुटते. डोंगर खोटं बोलतो, पट्टी बोलत नाही, असं आजोबा म्हणायचे, तेही सांगितलं. त्यांनी कंदील धरून वाचलं, १२ मार्च १९३७. पट्टी अखंड! एकवीस वर्षांत केसभरही हललं नाही, असं म्हणून त्यांनी वहीत लिहिलं आणि टेबलं मांडायला हरकत नाही म्हणाले.

गंमत म्हणजे आजोबा सात अगदी तुझ्यासारखा काढायचे. मोडक्या कोयत्यासारखा. इतकी वर्षं लक्षात आलं नव्हतं.

आईबाबांना नमस्कार. पाय हलवू नकोस, जीभ हलव.

तुझी
सोलांज


नांत, ३ ऑगस्ट १९५८

कुणाला विचारून तू परक्या माणसाला माझ्या कोठीत नेलंस? घर तुला राखायला दिलं होतं, तिकीट लावून दाखवायला नाही.

चि. सोलांज हिला आशीर्वाद. पत्र पोचलं. वाचून रात्री डोळा लागला नाही, म्हणून अक्षर आणखी वाईट आहे.

मी सांगते ते कर, कारणं विचारू नकोस. आजच आपलं अंथरूण उचल आणि ओदील गेरँकडे जाऊन राहा. तिचा नवरा गढीचा राखणदार, त्यांचं घर वर दरवाज्यापाशी आहे, तुला कामावरही जवळ पडेल. तिला सांग, की आजीच्या घरात उंदीर झालेत. कापुसीनलाही घेऊन जा.

त्या इंजिनियराने खडकावर हातोडी मारून ऐकलं का? तुझे आजोबा कान लावून ऐकायचे. भरीव दगड घंटेसारखा बोलतो, पोकळ दगड भोपळ्यासारखा. पट्टी बघून कोण भरवसा ठेवतं? प्लास्टर काय, कुणीही थापतं. बुर्देला सांग, टेबलं आतल्या चौकात मांड. नदी बघून पोट भरत नाही.

तू म्हणशील, म्हातारीला नांतची हवा लागली. लागली असेल. तुझी आई विचारते, की कप तसाच का ठेवलास. मी म्हटलं, कॉफी पातळ आहे. पण पोरी, तू पंधरा तारखेला त्या गच्चीवर उभी राहणार, त्या निळ्या कोटात, आणि मी इथे पाय बांधून पडलेली.

ओदीलकडे गेलीस एवढं एका ओळीत कळव.

आजी


ओब्रेल, ९ ऑगस्ट १९५८

ती. आजीस सा.न.वि.वि.

आजी, तुला काय झालंय? उंदीर नाहीत घरात. असते तर तुला घाबरून केव्हाच सोम्यूरला गेले असते. ओदीलबाईंकडे त्यांची बहीण तीन पोरं घेऊन आलीय, तिथे पाय ठेवायला जागा नाही. मी आपल्या घरीच आहे. आठ दिवसांपासून पुढची खोली भट्टीसारखी तापते, म्हणून खाट कोठीत नेली. खोकला झाला नाही. रागावू नकोस.

तू सांगितलंस म्हणून खरं खरं लिहिते. पीठ पडतं. आधी चिमूटभर पडायचं, काल सकाळी उशीवर पसाभर होतं. कोठीचं दार खाली घासतं, खांद्याने रेटावं लागतं. लाकूड फुगलं असेल, पण हवा तर कोरडी आहे, नदीत वाळूचेच पट्टे दिसतात. कापुसीन परवापासून आत यायला तयार नाही. दोरी धरून ओढली तर चारी पाय रोवते. मी तिला बाहेर अक्रोडाखाली बांधते.

आणि साक्षीदाराला एक रेघ गेलीय. बारीक, केसासारखी, तारखेच्या मधून. इंजिनियर टेबलांची मोजमापं घ्यायला परत आले होते, त्यांना लगेच दाखवली. ते हसले. म्हणाले, बाई, एकवीस वर्षांत एक केस! या हिशोबाने ही गच्ची तुमच्या पणतवंडांच्या पणतवंडांना जेवायला घालील. बुर्देसाहेबही हसले. मग मीही हसले, पण तुझं पत्र खिशात होतं.

तू काहीतरी लपवतेस. लहानपणी मी जॅमची बरणी फोडली होती तेव्हा मी जशी बोलत होते तशी तू लिहितेस. सरळ सांग.

तुझी
सोलांज


नांत, ११ ऑगस्ट १९५८

हे वाचत असशील तर आधी घराबाहेर पड आणि अक्रोडाखाली उभी राहून वाच. मायना नंतर.

तार पोचली असेल. तुझी आई पोस्टात धावलीय. तारेत एवढंच घातलं, की बाहेर झोप, पत्र येतंय. बाकीचं तारेत घालण्यासारखं नाही. गढीवर टेलिफोन आहे, पण तो बुर्देच्या टेबलावर. तो म्हणेल म्हातारी चळली, आणि ठेवून देईल. त्याला डोळ्यांनी दाखवावं लागेल. ते तुलाच करायचंय.

चि. सोलांज, ती तारीख खोटी आहे. तो सात माझा आहे.

शेजारची क्लेमांस तुला आठवते. १९५० साली तिचा साक्षीदार फुटला आणि तिने भाबडेपणाने जाऊन नगरपालिकेत सांगितलं. आठ दिवसांत तिला उचलून सोम्यूरला सिमेंटच्या इमारतीत चौथ्या मजल्यावर ठेवलं. चूल नाही, कोंबडी नाही, खिडकीतून बघावं तर दुसऱ्याची खिडकी. पहिल्या हिवाळ्यात मेली. पुढच्या वर्षी आपली पट्टी फुटली. तुझे आजोबा जाऊन चार वर्षं झाली होती, विचारायला कोणी नव्हतं. मी प्लास्टर कालवलं, वरून नवी पट्टी थापली आणि तीच तारीख घातली. कुणी बघायला आलं तर दिसावी म्हणून. ईस्टरच्या आधी आपण भिंतींना चुना देतो, त्याच वेळी केलं. चुन्यात चुना, कुणाला कळतंय!

ती १९५५ ला फुटली. पुन्हा थापली. ती या वर्षी एप्रिलमध्ये फुटली. पुन्हा थापली. जुनी एकही काढली नाही. तुझ्या आजोबांचं अक्षर खरवडायला हात धजला नाही असं म्हण, नाहीतर आळस म्हण.

आता तू शिकलेली आहेस, हिशोब कर. आजोबांची पट्टी फुटायला चौदा वर्षं लागली. दुसरीला चार. तिसरीला तीन. आणि या चौथीला चार महिने. तो केस एकवीस वर्षांचा नाही, पोरी, चार महिन्यांचा आहे. त्या इंजिनियराने काही चूक केली नाही. त्याने मी लिहिलेलं वाचलं.

मला वाटायचं, डोंगर पडला तर माझ्यावर पडेल, त्यात कुणाचं काय जातं? एकाहत्तर वर्षांची म्हातारी आणि एक शेळी. वर टेबलं मांडतील आणि खाली तू खाट टाकशील, हे माझ्या मनाला शिवलं नाही. कोठीत जाऊ नको म्हटलं, पण का ते सांगितलं नाही. लाज वाटली. एका आठवड्याची लाज. त्या आठवड्यात तू तिथे झोपलीस. हे आता रात्रंदिवस माझ्या छातीवर बसलंय.

राखणदार गेरँला बरोबर घे, एकटी कोठीत शिरू नकोस. त्याने दारात उभं राहावं, तू पट्टीची कड छिन्नीने उचल. एकाखाली एक चार निघतील, भाकरीच्या चळतीसारख्या. त्या बुर्देपुढे नेऊन टाक. माझं नाव घे, मोठ्याने घे. नगरपालिकेलाही मी आजच स्वतः लिहिलंय, त्यात काही झाकलं नाही. त्याने तरीही ऐकलं नाही तर त्याच्या गच्चीवर तू पाऊल टाकू नकोस. नोकरी गेली तर जाऊ दे. कोट परत दे.

तुझ्या आईला सगळं सांगितलं. ती माझ्याशी बोलत नाही. बरं झालं, पत्र लिहायला शांतता मिळाली.

माझ्यावर मग सावकाशीने रागाव. आधी बाहेर पड.

आजी


ओब्रेल, १६ ऑगस्ट १९५८

श्रीमती एर्नेस्तीनबाई यांस ओदील गेरँचा नमस्कार वि.वि.

तुमची सोलांज सुखरूप आहे, हे आधी लिहिते. तिच्या उजव्या हाताला लागलंय म्हणून तिच्या वतीने मी लिहीत आहे. हात बरा झाला की ती स्वतः लिहील.

तुमचं पत्र तिला तेराला मिळालं. वाचून ती पांढरीफटक पडली. मग जे काही बोलली ते मी लिहीत नाही, तुम्हीच शिकवलेले शब्द होते. माझा नवरा बरोबर गेला. चार पट्ट्या निघाल्या. सगळ्यात खालच्या, तुमच्या यजमानांच्या, फिर्मँच्या पट्टीतल्या भेगेत त्याची करंगळी आत गेली. तिने त्या पट्ट्या बुर्देसाहेबांपुढे ठेवल्या. ते म्हणाले, की पाच बसचं जेवण सांगून ठेवलंय, इंजिनियरांचा कागद हातात आहे, म्हातारीच्या चुन्यावरून मी सण मोडू का? फारच गळ घातली तेव्हा म्हणाले, सोळा तारखेला पुन्हा तपासू, नगरपालिकाही त्याच दिवशी बघेल.

काल सकाळी दहा वाजता लोक आले. गच्चीवर पांढरी कापडं घातलेली टेबलं, थंड केलेली वाइन, माझ्या बहिणीने भट्टीत भाजलेल्या गरम फुए-रोट्या, सगळं मांडलेलं. लोकांना आधी गढी दाखवायची आणि मग गच्चीवर आणायचं असं ठरलं होतं. सोलांजने दीडशेच्या दीडशे माणसांना पार पलीकडच्या टोकाच्या प्रार्थनाघरात नेलं आणि बोलायला लागली. मी दारात होते. एर्नेस्तीनबाई, वीस मिनिटांची माहिती तिने दीड तास सांगितली. राणीची दाढ दुखली, न्हावी बोलावला, न्हावी नदीत बुडाला, त्याचं भूत दाढ मागत येतं. एकही शब्द खरा नव्हता. लोक भुकेने चुळबुळत होते, पण हसतही होते. बुर्देसाहेब दोनदा येऊन घड्याळ दाखवून गेले. ती त्यांच्याकडे बघेचना.

पावणेबाराला बेल्जियन गृहस्थ मागच्या दाराने हळूच सटकले, गच्चीवरून नदीचा फोटो घ्यायला. तिने पाहिलं आणि वाक्य अर्धं टाकून धावली. तिने त्यांना कॉलर धरून मागे खेचलं आणि कठडा गेला. आवाज फारसा झाला नाही. पिठाचं पोतं फुटावं तसं झालं, आणि मग बराच वेळ पांढरी धूळ. टेबलं, वाइन, सगळं खाली. कठड्याचा एक दगड तिच्या हातावर आला. बाकी कुणाच्या अंगावर ओरखडाही नाही.

तुमची कोठी दगडमातीने भरून गेली. पुढची खोली आणि धुराडं उभं आहे, पण नगरपालिकेने दाराला फळ्या ठोकल्या. कापुसीन माझ्याकडे आहे. माझ्या तीन भाच्यांना लाथा मारून झाल्या.

काळजी करू नका. लोभ आहेच, तो राहू द्या.

आपली
ओदील गेरँ


नांत, १८ ऑगस्ट १९५८

ओदील गेरँ हिला पत्र लिहायला कुणी सांगितलं? तिचं अक्षर सुंदर आहे. सुंदर अक्षराचाच मला धसका आहे.

चि. सोलांज हिला आशीर्वाद. हा कागद तुझ्या आईबरोबर पाठवते, ती पहिल्या गाडीने निघतेय. मलाही यायचं होतं. पायातलं प्लास्टर कापायला मी सुरी घेतली, तर तुझ्या बापाने ती हिसकावून घेतली. तो पहिल्यांदाच माझ्यावर ओरडला. ओरडतो बरा.

तुला कधी सांगितलं नव्हतं, ते सांगते. १९१६ मध्ये लढाईवरून माझ्या भावाचं, एजेनचं, पत्र आलं होतं. अक्षर दुसऱ्याचं होतं. कुणा अधिकाऱ्याचं असावं, वळणदार. आईने मला वाचायला लावलं, घरात मलाच तेवढं येत होतं. त्यात होतं, की उजव्या हाताला लागलंय म्हणून त्याच्या वतीने मी लिहीत आहे, हात बरा झाला की तो स्वतः लिहील. आम्ही मेणबत्ती लावली, हातमोजे विणून पाठवले. तोवर त्याला पुरून अकरा दिवस झाले होते. अधिकारी दयाळू होता, एवढंच.

ओदीलने अगदी तेच वाक्य लिहिलंय. शब्दाला शब्द. तीही दयाळू बाई आहे.

लोक वाचले म्हणतात. वाचले असतील. तो बेल्जियन वाचला, त्याला माझा नमस्कार, आणि त्याचं तोंड मला दाखवू नका. घर गेलं ते जाऊ दे. सिमेंटच्या घरात जाईन, चौथ्या मजल्यावर जाईन, दुसऱ्याची खिडकी बघत बसेन. नगरपालिकेने शिक्षा दिली तर ती घेईन. एकवीस वर्षांची खोटी तारीख मी चार महिन्यांच्या चुन्यावर लिहिली, तेव्हा आता दुसऱ्याच्या लिहिण्यावर भरवसा ठेवण्याचा हक्क मला उरला नाही, हेही कळतं. पण भीती हक्क विचारत नाही. तिचं पत्र आल्यापासून मी पाण्यावर आहे.

म्हणून सांगते. ओदीलने लिहायचं नाही. डॉक्टरने लिहायचं नाही. तुझ्या आईने येऊन सांगितलेलंही चालणार नाही, ती मला जपायला खोटं बोलेल, माझीच मुलगी आहे. तार नको, तार पोस्टातला माणूस लिहितो. उजवा हात मोडला असेल तर डाव्याने लिही. कोंबडीच्या पायांसारखं येईल, येऊ दे. तसलं अक्षर मला वाचता येतं. मला एक शिवी लिही, जी तेराला दिली होतीस ती.

उत्तर तूच द्यायचं. दुसऱ्या कुणाचं मी उघडणार नाही.

आजी